देव्हाऱ्यातला प्रोसेसर

मी बोलतोय तो देव्हाऱ्यातून, पण हात जोडायची गरज नाही. मी देव नाही. माझ्या एका बाजूला पितळी बाळकृष्ण आहे, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, आणि मधे हळदीने माखलेला, बिस्किटाएवढा जो चौकोनी तुकडा दिसतो तो मी. मी एक प्रोसेसर आहे. कॉम्प्युटरचा मेंदू, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मेंदूला देव्हाऱ्यात बसवतात तेव्हा त्याच्याकडून कामाची अपेक्षा संपलेली असते, एवढं मला आता समजलं आहे.

माझा जन्म वाळूपासून झाला. वैनगंगेच्या वाळूपासून नव्हे. ती वाळू कुणाच्या ट्रॅक्टरमधून कुठे जाते या फंदात मी पडत नाही. माझी वाळू परदेशी. तिथे पांढरे झगे घातलेल्या लोकांनी मला घडवलं, तोंडावर फडकी बांधून, माझ्या अंगावर श्वासही पडू नये म्हणून. पुढे माझ्या अंगावर काय काय पडणार आहे हे त्यांना माहीत असतं, तर त्यांनी एवढी काळजी घेतली नसती.

माझं बालपण तुमसरच्या एका कॉम्प्युटर क्लासात गेलं. मुलं चपला दाराबाहेर काढून आत येत, कारण धूळ मला चालत नाही अशी पाटी लावली होती. सर मात्र माझ्या शेजारी बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचे. त्याची पूड मला चालत असावी. त्या क्लासात आंबागडहून सायकलने येणारा एक मुलगा माझ्यासमोर बसायचा. बाकीची मुलं झोपडी, सूर्य आणि दोन डोंगर काढायची. हा त्या डोंगरावर किल्लाही काढायचा, कारण त्याच्या घरामागे तसा डोंगर आणि तसा किल्ला खरंच होता. त्याचं नाव कैलाश.

क्लास बंद पडला तेव्हा कैलाशने मला विकत घेतलं. आमचा कॅबिनेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धानाच्या तणसात गुंडाळून आंबागडला आला. त्या तणसाची एक काडी माझ्या पंख्याजवळ अडकली आणि पुढची सगळी वर्षं तिथेच राहिली.

दारात कैलाशच्या आईने, गोदावरीबाईंनी, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि कॅबिनेटला कुंकवाचं बोट लावलं. वडील इश्वर खाटेवर बसून बघत होते.

"हे काय खाते?" त्यांनी विचारलं.

"लाईट," कैलाश म्हणाला.

"मंग उपाशीच मरन हे."

घराच्या पुढच्या सपरीत, म्हणजे पडवीत, कैलाशने फोटो स्टुडिओ उघडला. माझं मुख्य काम नवरदेवांना गोरं करणं. दुसरं काम त्यांना काश्मीरला नेणं. कारध्याचा नवरदेव आणि नाकाडोंगरीची नवरी, दोघांनीही भंडाऱ्यापलीकडे पाऊल टाकलेलं नसायचं, पण माझ्या कृपेने ती बर्फात उभी राहायची, नवरीच्या हातात पंखा असला तरी. मग नवरीचा चेहरा बदामात घालायचा, बदाम गुलाबात घालायचा, गुलाब आकाशात उडवायचा. एवढं सगळं जोडून त्याची एक फिल्म करायची, याला म्हणतात रेंडर. कैलाशने बटण दाबलं की पडद्यावर एक पट्टी यायची आणि ती टक्क्याटक्क्याने भरत जायची. ती भरणारा मी.

मी ती हळू भरायचो. लाज कसली. माझ्यात दोनच कोअर, म्हणजे दोन हात समजा, आणि डोक्यावर उष्णता ओढून घेणारं जे मलम लावतात ते क्लासातच वाळून गेलेलं. ते बदलावं असं कुणाच्या मनात आलं नाही. दर दसऱ्याला कॅबिनेटला झेंडूचा हार मिळायचा, कुंकू मिळायचं, नारळ फुटायचा. मलम मात्र नाही. माणसं ज्याची पूजा करतात त्याची देखभाल करत नाहीत, हे माझं त्या घरातलं पहिलं निरीक्षण.

पण माझ्या हळूपणाने एक गोष्ट घडायची. "माय, रेंडर लागला," असं म्हणून कैलाश खुर्चीवरून उठायचा. पट्टी भरेपर्यंत त्याला काहीच करता येत नसे, म्हणून तो सगळं करायचा. वडिलांबरोबर जाऊन धानाच्या बांधीतलं पाणी बघून यायचा. दिवाळीच्या सुमाराला तलावातले शिंगाडे निघाले की आईजवळ बसून सोलू लागायचा. सोललेल्यांपैकी निम्मे त्याच्या पोटात जायचे, आणि गोदावरीबाई दरवेळी त्याच्या हातावर चापट मारायच्या. मधेच तो सपरीत डोकावून पट्टी पाहायचा आणि सांगायचा, "बारा टक्के झाले."

"मंग जेवून घे," त्या म्हणायच्या.

गोदावरीबाईंना टक्के म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. बारा टक्के म्हणजे पोरगा जेवायला मोकळा, एवढं ठाऊक होतं.

पुढे कॅमेरे मोठे झाले. मग आकाशातून चित्रं काढणारा ड्रोन आला. लग्न पूर्वी जमिनीवर होत असे, ते वरून दिसायला लागलं, आणि वरून दिसणारं सगळं माझ्या डोक्यावर यायला लागलं. मी तापायचो, पंखा भुंग्यासारखा घुमायचा, पडदा गोठायचा. अशा वेळी कैलाश कॅबिनेटला एक थाप द्यायचा. थाप दिल्याने मी नीट चालतो असा त्याचा समज होता. कधीकधी मी योगायोगाने चालायचो, त्यामुळे तो समज पक्का झाला.

शेवटी कारध्याच्या मारोतरावांचं काम आलं. मोठे शेतकरी, एकुलत्या एका मुलीचं लग्न. मुलगी पोळ्याला माहेरी येणार, आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी, सगळ्या पाहुण्यांसमोर मोठ्या पडद्यावर फिल्म दाखवायची असं ठरलेलं. मी ती फिल्म तीनदा घेतली आणि तीनदा अर्ध्या वाटेत बंद पडलो. खोटं कशाला बोलू, माझी ताकदच नव्हती.

तिसऱ्यांदा पडदा काळा झाला तेव्हा कैलाशने थापसुद्धा मारली नाही. खुर्चीत बसून तो आईला म्हणाला, "हे काम झालं नाई तं मी दुकान बंद करतो माय. टिकाराम पुण्याले जाऊन राहिला, कंपनीत. त्याच्यासंग जातो."

टिकाराम म्हणजे त्याचा पुण्याला निघालेला चुलतभाऊ. त्याच्या घरातले आधीचे दोघे पुण्याला गेले होते आणि फक्त लग्नाकार्याला उगवत होते. गोदावरीबाई हातात ताकाचा गडवा घेऊन उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच निरोप पाठवून तुमसरच्या चंद्रकुमारला बोलावलं.

चंद्रकुमार म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. याचा एक हात स्क्रूड्रायव्हरवर आणि एक कान फोनवर असतो, त्यामुळे दोन्हीकडे थोडंथोडं लक्ष असतं. त्याने झाकण उघडलं, मला वरूनच न्याहाळलं आणि सांगितलं की नवा कॉम्प्युटर घ्यायची गरज नाही, याच बोर्डात चार कोअरचा प्रोसेसर बसतो, नागपुरात जुना चांगला मिळतो. गोदावरीबाईंच्या चेहऱ्यावरून त्याला वाटलं की त्यांना समजलं नाही. म्हणून त्याने सोपं करून सांगितलं.

"काकू, बंडी तीच ठेवाची. बैल तेवढा बदलवाचा."

बैलगाडीचं हे उदाहरण गोदावरीबाईंना पुरेपूर समजलं. पुढचा सगळा घोटाळा या समजण्यातून झाला.

चंद्रकुमारने तो नवा बैल पोळ्याच्या आदल्या दिवशी आणून दिला. उद्या सकाळी बसवतो म्हणाला आणि गेला. नवा म्हणजे काय, नागपूरच्या कुठल्याशा कचेरीने भंगारात काढलेला, वयाने माझ्याइतकाच. पण दुसऱ्याच्या घरची जुनी वस्तू आपल्याकडे आली की नवीन होते. कैलाशने त्याची प्लास्टिकची डबी सपरीतल्या फळीवर ठेवली आणि तो कारध्याला मारोतरावांची समजूत घालायला गेला.

आता आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा शेकायचा, त्याला हळद आणि तूप चोळायचं, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. इश्वरांनी गोठ्यातल्या दोन्ही बैलांचं केलं. वाटीत थोडी हळद-तूप उरलं. ती वाटी घेऊन गोदावरीबाई सपरीत आल्या.

कॅबिनेटचं झाकण उघडंच होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. त्यांनी फळीवरची डबी उघडली, चार कोअरवाल्याला तळहातावर घेतलं, उलटसुलट केलं. आमची एक बाजू राखाडी असते, नुसत्या पत्र्याची. दुसरी बाजू सोन्याच्या ठिपक्यांनी भरलेली. त्या ठिपक्यांतूनच आम्ही बोर्डाशी बोलतो, तिथे बोटसुद्धा लावायचं नसतं. पण गोदावरीबाईंनी सोनं पाहिलं आणि हेच याचं तोंड, असं ठरवलं. त्यांनी बोटाने त्यावर हळद-तूप चोळलं, हलक्या हाताने, कोपऱ्याकोपऱ्यातून. जास्तीचं पदराने टिपून घेतलं.

"आज आवतण घे," त्या त्याला म्हणाल्या, "उद्या कामाले ये. चांगलं वढजो बापा. माह्या पोराले पुण्याले नको जाऊ देजो."

मला राग आला. इतकी वर्षं मी डोक्यावर बोटभर मलम मागत होतो, आणि या उपऱ्याला पहिल्याच दिवशी घरचं तूप. आवतणही त्यालाच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पोळ्याच्या सकाळी चंद्रकुमार आला. त्याने पंखा काढला, त्यातली तणसाची काडी उचलून कैलाशला दाखवली, आणि मला उपटून टेबलावर ठेवलं. मग डबीतून नवा काढला, कडेने धरून, एका कानाने फोन ऐकत. सोन्यावर लावलेली हळद पुसल्यावर कुणाला दिसणार? त्याने तो बसवला, वर नवं मलम लावलं, पंखा घट्ट केला. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

चंद्रकुमारने आधी रॅमला दोष दिला. ती काढून खोडरबरने घासली. मग व्होल्टेजला दोष दिला. मग बोर्डाला. मग नागपूरच्या दुकानदाराला फोनवरून दिला. बाहेर बैल सजवून पोळ्यात न्यायची घाई चालू होती, झुलीवरची घुंगरं वाजत होती, आणि सपरीत कैलाश गुडघ्यांवर कोपरं ठेवून बसला होता. त्याने खिशातून फोन काढला.

"टिकारामले सांगतो," तो म्हणाला. "माहंबी तिकीट काढ म्हणतो."

गोदावरीबाई दारात होत्या. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं.

"असा कसा चालत नाई? काल तं त्याची खांदशेकणी केली मी."

कैलाशने फोन कानापासून खाली घेतला. "कोणाची?"

"त्याचीच. तूप लावलं, हळद लावली. तोंडाले."

चंद्रकुमारने पहिल्यांदाच फोन बंद करून खिशात ठेवला. पंखा काढला, नव्याला बाहेर काढून उलटा केला, उजेडात तिरपा धरला आणि नाकाशी नेला.

"तूप आहे," तो म्हणाला. "घरचं आहे."

"सोन्यावानी चमकत होतं ना ते," गोदावरीबाई म्हणाल्या. "मले वाटलं हेच तोंड असन."

इश्वर बैलाचा कासरा धरून अंगणात उभे होते. ते तिथूनच म्हणाले, "खांद्याले लावतेत, खुराले नाई. तोंड नोहोय ते, पाय होत त्याचे."

कुणी हसलं नाही. गोदावरीबाईंचा चेहरा पाहून हसवत नव्हतं. पोराला थांबवायला जे केलं त्यानेच पोरगा चालला, असं त्यांना वाटलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. कैलाश आत गेला आणि करोनात आणलेली सॅनिटायझरची बाटली आणि देव्हाऱ्यातल्या वातींचा कापूस घेऊन आला. दोघांनी मिळून ते सोन्याचे ठिपके पुसले. मग बोर्डावरच्या बारीक सुया श्वास रोखून साफ केल्या. मी टेबलावर पडून वाट पाहत होतो. आता मला परत बोलावतील, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

बटण दाबलं आणि पडदा उजळला.

मारोतरावांची फिल्म कैलाशने लगेच लावली. "माय, रेंडर लागला," तो म्हणाला. त्या शब्दांसरशी गोदावरीबाई डोळे पुसून उठल्या, पुरणाची पोळी आणि कढी वाढून पाट मांडला आणि हाक मारली. कैलाश खुर्चीवरून अर्धा उठलाही. पण तोवर पट्टी भरत आली होती. तो परत बसला.

"झालंच माय. दुसरं लावतो, मंग येतो."

दुसरं झालं, तिसरं झालं. ती पोळी थंड झाली. माझ्या कारकिर्दीत त्या घरात पोळी थंड झाली नव्हती. पण कामाचा आनंद मोठा होता, त्यामुळे पोळीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मी टेबलावर होतो, म्हणून माझं गेलं.

माझं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली. कैलाश म्हणाला, भोक पाडून किल्लीला अडकवतो. चंद्रकुमारला मी हवा होतो, कशासाठी ते त्याने सांगितलं नाही. गोदावरीबाईंनी मला टेबलावरून उचललं. "इतके साल राबला तो. राबलेल्याले कोणी भोक पाडते काय?" असं म्हणून त्यांनी मला देव्हाऱ्यात ठेवलं, सोनं वर करून.

फिल्म कारध्यात दाखवली आणि लोकांनी दुसऱ्यांदा लावायला सांगितली. ड्रोनमधून दिसणारी वैनगंगा, नवरीच्या बापाने चोरून पुसलेले डोळे, सगळं झकास उतरलं होतं. पाहुण्यांत मारोतरावांचे एक लांबचे नातेवाईक होते. त्यांचा नागपुरात मोठा स्टुडिओ आहे, थंडगार, काचेचा. माझ्याकडे कामाला येतोस का, असं त्यांनी तिथल्या तिथे कैलाशला विचारलं.

पुण्याशी भांडायची गोदावरीबाईंनी तयारी केली होती. पुणं लांब आहे, तिथे आपलं कोणी नाही, तिथलं पाणी बाधतं, सगळं पाठ होतं. नागपूरचं काय सांगणार? नागपूर जवळ आहे. तिथे आत्या राहते. पाणी तर सगळे पितात. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, आटोपल्यावर कैलाश गेला. बरोबर सोललेल्या शिंगाड्यांची पिशवी होती. ते त्यांनी एकटीने सोलले होते.

"दर रविवारी येत जाईन," तो म्हणाला. सुरुवातीचे काही रविवार तो आलाही.

सपरीतला कॉम्प्युटर आता भरतकामाच्या कापडाखाली असतो. त्याच्या चारी बाजूंनी धानाची पोती रचली आहेत. चार कोअरचा तो जवान गडी, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाला, पोत्यांमागे अंधारात बसला आहे. त्याने महिना-दोन महिने काम केलं आणि कैलाशला घराबाहेर पोचवून दिलं. मी त्याच्यावर हसलो असतो. पण त्याने सांगितलेलं काम चोख केलं, एवढंच ना.

उन्हाळ्यात चंद्रकुमार कुणाच्या तरी लग्नाला गावात आला होता. गोदावरीबाईंनी त्याला घरी बोलावून चहा दिला आणि मला देव्हाऱ्यातून काढून त्याच्यापुढे धरलं.

"हा जुना परत बसवून दे बापा."

"काहून काकू? हा लई हळू आहे."

"हळू आहे म्हणूनच. हा हळू चाले, तवा पोरगं उठून माह्याजवळ येऊन बसे."

चंद्रकुमार आधी हसला. मग त्याने कप खाली ठेवला. "काकू, हा बसवला म्हणून कैलाश येते काय?" एवढंच तो म्हणाला, आणि मला त्यांच्या हातात परत देऊन निघून गेला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आयुष्यभर मी माझ्या हळूपणाबद्दल शिव्या खाल्ल्या. तो कुणाला हवा होता, हे मला इतक्या उशिरा सांगितलं गेलं, आणि तेही मला सांगितलं नाही, चंद्रकुमारला सांगितलं.

काल पुन्हा पोळ्याची आदली संध्याकाळ होती. इश्वरांनी बैलांचे खांदे शेकले. उरलेलं हळद-तूप घेऊन गोदावरीबाई या वेळी सपरीत गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या. मला तळहातावर घेतलं आणि सोन्याच्या बाजूला चोळलं, कोपऱ्याकोपऱ्यातून. तोंड नाही, पाय आहेत, हे आता त्यांना माहीत आहे. पण मला कुठे जायचं नाही, त्यामुळे पायांना काही लागलं तरी बिघडत नाही.

"आज आवतण घे," त्या म्हणाल्या, "उद्या जेवाले ये."

मग मला जागेवर ठेवून त्यांनी तूप लागलेल्या बोटानेच फोन लावला आणि कैलाशलाही हेच सांगितलं, शब्दही बदलला नाही. पलीकडून त्याचा आवाज मला ऐकू आला. तो घाईत होता.

"नाई जमत माय. काम लई आहे. रेंडर लागला आहे."

ते शब्द त्यांच्या ओळखीचे होते.

"मंग जेवून घे," त्या म्हणाल्या.

पलीकडून उत्तर यायच्या आत त्याचा रेंडर झाला असावा, कारण तो "ठेवतो माय" म्हणाला आणि फोन बंद झाला.

माझं कुणाशी भांडण नाही. यंत्रं बदला, जलद करा, तो तुमचा हक्क आहे. फक्त घरातलं एखादं जुनं, रेंगाळणारं यंत्र काढून टाकण्याआधी, ते रेंगाळतं तेव्हा कोण कुणाजवळ जाऊन बसतं, तेवढं पाहून घ्या.

आज पोळा आहे. गोदावरीबाईंनी आत्ताच पुरण शिजत घातलं आहे. आवतण दोघांना दिलं होतं, त्यातला एक येणार नाही. दुपारी नैवेद्याचं पान माझ्यासमोर मांडलं जाईल, आणि त्यांच्या हातची गरम पोळी मी माझ्या जुन्या सवयीने, अगदी हळूहळू, थंड होईपर्यंत जेवीन.